बधिर आणि भूल : औसा परिसराच्या संदर्भात वेदनाहरणाच्या परिभाषेचा इतिहास

१

शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्यास वेदना होऊ नये म्हणून आधुनिक वैद्यकाने दोन भिन्न मार्ग चोखाळले आहेत. पहिल्या मार्गाने माणसाची शुद्ध हरपते आणि मग त्याच्या देहावर शस्त्र चालते. दुसऱ्या मार्गाने देहाचा तेवढाच भाग संवेदनाशून्य होतो आणि माणूस जागाच राहतो. पहिला मार्ग १८४६ साली ईथरने खुला केला, दुसरा १८८४ साली कोकेनने. वैद्यकाच्या दृष्टीने हे दोन मार्ग इतके वेगळे आहेत की त्यांची औषधे, त्यांचे धोके आणि त्यांची तंत्रे ह्यांत फारच थोडे साम्य आढळते. परंतु मराठी भाषिक समाजात मात्र ह्या दोहोंची नावे एकमेकांत मिसळून गेली आहेत. लोकव्यवहारात दोहोंनाही ‘भूल’ म्हणतात. शासकीय व्यवहारात दोहोंनाही ‘बधिरीकरण’ म्हणतात. जो शब्द संपूर्ण माणसाचा तो लोकांनी एका अवयवाला लावला, आणि जो शब्द एका अवयवाचा तो शासनाने संपूर्ण माणसाला लावला. ही उलटापालट कशी घडली आणि तिचे परिणाम रोग्याला कसे भोगावे लागतात, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

ह्या विवेचनासाठी औसा आणि त्याचा परिसर निवडण्याचे कारण भाषिक आहे. लातूरच्या नैर्ऋत्येस, तुळजापूरच्या वाटेवर असलेले हे भुईकोट किल्ल्याचे गाव बहमनी काळापासून निझामी राजवटीच्या अंतापर्यंत दख्खनच्या मुसलमानी सत्तांच्या अंमलाखाली होते. बाजारात व वाड्यांत मराठी, मोहल्ल्यांत दखनी, कचेरीत आधी फारसी व नंतर उर्दू, आणि दक्षिणेस थोड्याच अंतरावर कन्नड, असा हा चौरस्ता आहे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात आणि त्यानंतर महाराष्ट्रात. १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात आणि नंतर लातूर जिल्ह्यात, अशी त्याची स्थित्यंतरे झाली. औशाच्या माणसाच्या वेदनेची नोंद करणारी भाषा एका शतकात तीन वेळा बदलली. वेदना सांगणारी भाषा मात्र बदलली नाही.

२

शस्त्रापूर्वी रोग्याची जाणीव मंद करावी ही कल्पना भारतात जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास भोजन द्यावे, आणि जो मद्य पिणारा असून वेदना सहन करू शकत नाही त्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सांगितले आहे. अन्नामुळे मूर्च्छा येत नाही व मद्यामुळे शस्त्र जाणवत नाही, हे त्यामागील कारणही तेथेच दिलेले आहे. बल्लाळकृत भोजप्रबंधात भोजराजाला मोहचूर्णाने मोहित करून त्याच्या कवटीवर शस्त्रक्रिया केल्याची व पुढे त्यास संजीवनीने शुद्धीवर आणल्याची कथा आहे. ती कथाच होय, वैद्यकाचा पुरावा नव्हे. तथापि मोहित करणे आणि पुन्हा जागे करणे ही जोडी लोकमानसात किती पूर्वीपासून रुजली होती, हे तिच्यावरून दिसते. दोन्ही उदाहरणांत उपाय संपूर्ण माणसावर आहे, अवयवावर नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अवयवापुरती बधिरता आणणारी द्रव्ये अगदी अपरिचित होती असे मात्र नाही. ती राजवैद्यांच्या ग्रंथांपेक्षा घरातील फडताळात अधिक सापडत. दाढ दुखू लागली म्हणजे लवंग चावून धरावी किंवा लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत ठेवावा, हा उपाय मराठी घरांत सर्वश्रुत आहे. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य खरोखरच मज्जातंतूंची संवेदना मंदावते, आणि दंतवैद्यकात त्याचा उपयोग आजही होतो. दुसरे द्रव्य अक्कलकरा. त्याचे मूळ चावले असता जिभेला प्रथम चुणचुण लागते, लाळ सुटते आणि मग जीभ बधिर होते. ह्या वनस्पतीचे नाव भाषाभ्यासकाने थांबून पाहण्यासारखे आहे. अरबी ‘आकिरकर्हा’ हा शब्द यूनानी वैद्यकाबरोबर भारतात आला. मराठीत त्याचे ‘अक्कलकरा’ झाले आणि त्यात ‘अक्कल’ हा पूर्वपरिचित शब्द ऐकू येऊ लागला. उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या जिभेला अक्कलकरा चोळण्याची जी रूढी आहे तिला ह्या लोकव्युत्पत्तीने बळ दिले असावे. जीभ बधिर करणारे औषध जीभ सैल करणारे म्हणून ओळखले जावे, ही शब्दाची किमया होय.

यूनानी वैद्यकाचा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. निझामी राज्यात ह्या वैद्यकाला राजाश्रय होता, आणि त्याच्या परिभाषेत वेदनेवरील औषधांचे नेमके वर्गीकरण होते. अंग सुन्न करणारे ते ‘मुखद्दिर’, झोप आणणारे ते ‘मुनव्विम’ आणि दुखणे शमविणारे ते ‘मुसक्किन’. सुन्न होणे, झोपणे आणि दुखणे थांबणे ह्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांना वेगळी नावे हवीत, ही जाणीव ह्या परिभाषेत पक्की होती. परंतु हे शब्द हकीमांच्या नुस्ख्यांतच राहिले. फारसी-उर्दूतून मराठीत कचेरी, वकील, मुद्दत, अर्ज असे शेकडो शब्द सहज उतरले; ‘मुखद्दिर’ उतरला नाही. जमिनीच्या व्यवहारात रयतेला सरकारी शब्द शिकावेच लागत. औषधाच्या व्यवहारात मात्र शब्द जाणण्याची अपेक्षा रोग्याकडून कोणीच करीत नव्हते.

३

पाश्चात्त्य वेदनाहरणाच्या इतिहासात हैदराबादचे नाव ज्या प्रकरणामुळे कायमचे नोंदले गेले ते क्लोरोफॉर्मचे. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन ह्याने क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला, आणि जानेवारी १८४८ मध्येच इंग्लंडात हॅना ग्रीनर ही मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. त्यानंतर अर्धशतकभर एकच वाद चालू राहिला : क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून की हृदय थांबून? हैदराबाद येथील रेसिडेन्सी सर्जन व तेथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतील होते. श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे पाहण्याची गरज नाही, हा त्यांचा ठाम सिद्धांत होता. तो सिद्ध करण्यासाठी १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले. त्याचे निष्कर्ष इंग्लंडात मान्य होईनात, तेव्हा सहावे निझाम मीर महबूब अली खान ह्यांनी १,००० पौंड देऊन ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकाच्या प्रतिनिधीस पाचारण केले. १८८९ च्या अखेरीस लॉडर ब्रंटन हे विख्यात औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस आले आणि दुसऱ्या कमिशनने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूचा निघाला : श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून.

हा निष्कर्ष अपुरा होता. १९११ साली गुडमन लेव्ही ह्याने मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असतानाच हृदयाच्या स्नायूंत एकाएकी अनियमित थरथर सुरू होऊन मृत्यू येऊ शकतो, आणि अशा वेळी ॲड्रिनलिन शरीरात गेल्यास हा धोका बळावतो. म्हणजे भीतीने अर्धवट जागा असलेला रोगीच अधिक धोक्यात असे. हॅना ग्रीनर भ्यालेली होती, ही नोंद ह्या संदर्भात बोलकी ठरते.

तरीही हैदराबादच्या कार्याचे महत्त्व कमी होत नाही. वेदनाहरण हा शस्त्रवैद्याच्या हाताखालच्या माणसाने जाता जाता करावयाचा किरकोळ भाग नसून स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे तेथे मानले गेले. लॉरींच्या शिष्या रूपाबाई फर्दुनजी ह्या १८८० च्या दशकात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या व तेथील रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. जगातील आरंभीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. १९०९ मध्ये पुढील अभ्यासासाठी त्या एडिंबरोला गेल्या. मुसी नदीच्या १९०८ च्या महापुराने उद्ध्वस्त केलेल्या अफजलगंज रुग्णालयाच्या जागी पुढे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले, आणि मराठवाड्यातील असाध्य रोग्यांची अखेरची आशा म्हणून त्याचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले.

औशाच्या दृष्टीने ह्या इतिहासाचा अर्थ असा की ‘भूल’ ह्या शब्दाला जी भीती चिकटली ती निराधार नव्हती. क्लोरोफॉर्मच्या युगात भूल दिलेला माणूस उठेलच असे छातीठोकपणे सांगणे राजधानीतील निष्णातांनाही शक्य नव्हते. खेड्यातील म्हाताऱ्याने भुलेला नकार दिला तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार त्या काळच्या विज्ञानाला पुरता पोहोचत नाही.

४

दुसऱ्या मार्गाचा आरंभ डोळ्यापासून झाला, आणि तो योगायोग नव्हे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत रोग्याने वैद्याच्या सांगण्याप्रमाणे दृष्टी फिरवावी लागते, आणि क्लोरोफॉर्मनंतर होणाऱ्या वांतीने नुकतीच शस्त्रक्रिया झालेला डोळा बिघडण्याचे भय असते. कोकाच्या पानांतून कोकेन हे द्रव्य अल्बर्ट नीमान ह्याने १८६० च्या सुमारास वेगळे केले होते. पण त्याचे थेंब डोळ्यात घातले असता बुबुळ स्पर्श जाणत नाही, हे व्हिएन्ना येथील तरुण नेत्रवैद्य कार्ल कोलर ह्याने १८८४ मध्ये ताडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या सभेत त्याचा निबंध वाचला गेला. प्रवासखर्चाच्या अभावी तो स्वतः उपस्थित नव्हता. काही महिन्यांतच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड ह्याने मज्जातंतूच्या मुळाशी कोकेन टोचून संपूर्ण प्रदेश बधिर करण्याची रीत शोधली, आणि स्वतःवर केलेल्या प्रयोगांमुळे तो त्या द्रव्याच्या आहारी गेला. १८९८ साली कील येथे ऑगस्ट बिअर ह्याने पाठीच्या कण्यातील द्रवात कोकेन सोडून कमरेखालील भाग बधिर केला.

कोकेनच्या ह्या दुसऱ्या चेहऱ्याचा अनुभव भारतालाही आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या शहरांत ते चोरून विकले जाई व पानाच्या विड्यात घालून खाल्ले जाई. पुढे १९३० चा घातक औषधांविषयीचा कायदा आणि १९८५ चा अंमली पदार्थविषयक कायदा ह्यांनी त्यावर कडक नियंत्रण आणले. वैद्यकाने तत्पूर्वीच पर्याय शोधला होता. १९०५ साली आइनहॉर्न ह्याचे प्रोकेन, म्हणजेच नोव्होकेन, वापरात आले. हाइनरिक ब्राउन ह्याने अशा द्रव्यांत ॲड्रिनलिन मिसळून रक्तवाहिन्या आकुंचित केल्या, त्यामुळे औषध टोचलेल्या जागीच अधिक काळ टिकू लागले. जे ॲड्रिनलिन क्लोरोफॉर्मच्या भुलेत घातक ठरे तेच येथे साहाय्यक ठरले; दोन मार्ग किती भिन्न आहेत ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन ह्याने लिग्नोकेन तयार केले. १९४८ मध्ये ते झायलोकेन ह्या नावाने बाजारात आले आणि तेच नाव तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचले. अधिक काळ टिकणारे ब्युपिव्हाकेन १९५७ मधील आहे.

ह्या औषधांचे कार्य थोडक्यात असे. मज्जातंतूतून संवेदना जाते ती त्याच्या आवरणातील सूक्ष्म द्वारांतून सोडियमचे कण आत शिरल्यामुळे. ही औषधे ती द्वारे काही काळ बंद करतात. वेदना वाहणारे बारीक तंतू आधी बंद पडतात, स्पर्शाचे व हालचालीचे जाड तंतू मागाहून. म्हणूनच दाढ काढताना रोग्याला ओढल्याचा दाब जाणवतो पण कळ जाणवत नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असल्याने औषध नीट लागू पडत नाही. साध्या लिग्नोकेनचा प्रभाव तासाभराच्या आसपास, ॲड्रिनलिनसह दोन-तीन तास टिकतो. मात्रा वजनाच्या प्रमाणाबाहेर गेल्यास आचके येतात व हृदयाचे कार्य बिघडते. तेव्हा ही ‘लहान’ सुई म्हणून निष्काळजीपणे द्यावयाची वस्तू नव्हे.

५

आता शब्दांकडे वळू. ‘बधिर’ हा मूळ संस्कृत शब्द बहिऱ्या माणसाचा वाचक आहे. प्राकृतात त्याचे ‘बहिर’ झाले व मराठीत ‘बहिरा’. ह्या तद्भव रूपाने कान आपल्याकडे ठेवला. तत्सम ‘बधिर’ हा विद्वानांच्या भाषेत कानाशी निष्ठ राहिला तरी बोलीत तो त्वचेकडे गेला. हात बधिर होतो, पाय बधिर होतो, म्हणजे तो अवयव हाक ऐकेनासा होतो. जर्मन भाषेतील ‘टाउप’ ह्या शब्दाचेही बहिरा आणि बधिर असे दोन्ही अर्थ आहेत, ह्यावरून ही कल्पना केवळ मराठीची नव्हे हे दिसते. ‘सुन्न’ ह्या शब्दाची कथा अशीच आहे. संस्कृत ‘शून्य’, प्राकृत ‘सुण्ण’, मराठी ‘सुना’. घर सुने होते, गाव सुना होतो. द्वित्त व्यंजन राखणारे ‘सुन्न’ हे रूप मराठीच्या ध्वनिनियमांत बसत नाही, म्हणून ते हिंदी-दखनीच्या वाटेने आलेले असावे. आणि ते घराला लागत नाही, अंगाला व मनाला लागते. दोन्ही जोड्यांत देशी रूपाने बाह्य वस्तू घेतली आणि संस्कृतातून किंवा शेजारच्या भाषेतून आलेल्या रूपाने अंतर्गत संवेदना घेतली. कन्नडात हीच अवस्था ‘मरगट्टु’, म्हणजे लाकूड होणे, ह्या क्रियापदाने सांगतात. सर्वत्र प्रतिमा अवयवाची आहे, माणसाची नव्हे.

‘भूल’ ह्या शब्दाची जात निराळी. प्राकृत ‘भुल्ल’ म्हणजे चुकणे. मराठीत भूल पडते, म्हणजे वाट चुकते, रानभूल लागते, कोणी भूल घालते, म्हणजे मोहिनी घालते. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम छापला गेला, म्हणजे ईथरच्या पंधरा वर्षे आधी. तेव्हा शस्त्रक्रियेतील भूल हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर ह्या जुन्या शब्दावर आरोपित झालेला आहे. तो कोणी परिभाषा मंडळाने ठरविला नाही. जे दिसले त्याला लोकांनी हाताशी असलेला शब्द लावला : ज्याला भूल घातली तो वाट चुकतो, आणि घालणाऱ्याने काढली तरच परततो.

ह्या शब्दाची क्रियापदे पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. भूल चढते आणि उतरते, जसा ताप चढतो-उतरतो, जशी नशा चढते-उतरते, जसे विंचवाचे विष चढते आणि मांत्रिक ते ‘उतरवतो’. हे सारे बाहेरून येऊन सर्व देह व्यापणारे पदार्थ आहेत. उलट बधिर चढत नाही. बधिर ‘होते’ किंवा ‘करतात’. भुलेत माणूस चतुर्थीत येतो : ‘त्याला भूल दिली’. बधिरतेत अवयव प्रथमेत येतो : ‘दाढ बधिर केली’. व्याकरणानेच येथे दोन वैद्यकीय मार्गांची सीमारेषा आखून ठेवली होती. मराठी भाषेत हा भेद नव्हता असे नव्हे. तो होता आणि पुढे पुसला गेला.

६

तो कसा पुसला गेला ह्याची कारणे परिभाषेच्या राजकीय इतिहासात आहेत. हैदराबादेत १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. १९१७ मध्ये भाषांतर विभाग आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग वैद्यकापर्यंत पोहोचला. देशी भाषेत शरीरशास्त्र व शस्त्रक्रिया शिकविता येते हे त्या संस्थेने सिद्ध केले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. औशाच्या रोग्याच्या दृष्टीने ती परिभाषा देशी असूनही परकीच होती. १९४८ नंतर उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले; १९५६ मध्ये औरंगाबादेस, १९७० च्या दशकात अंबाजोगाईस व १९८८ मध्ये नांदेडास शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, ती सर्व इंग्रजी माध्यमाची. ज्या काळात अवयव बधिर करणारी औषधे खेड्यांत पोहोचली त्या काळात डॉक्टर आणि रोगी ह्यांना जोडणारी परिभाषा घडविण्याचे काम कोणाचेच नव्हते.

१९६० नंतर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने मराठी परिभाषेचे कार्य हाती घेतले. संवेदनाहरण, शुद्धिहरण, संज्ञाहरण असे शब्द लिखाणात आले आणि अखेर रुग्णालयांच्या पाट्यांवर ‘बधिरीकरण’ स्थिरावला. शास्त्रदृष्ट्या पाहता जो रोगी पूर्ण बेशुद्ध आहे त्याच्या अवस्थेला बधिरीकरण म्हणणे म्हणजे झोपलेल्या माणसाला बहिरा म्हणण्यासारखे आहे. परंतु ‘भूल’ ह्या शब्दात चूक, मोह, जादू ह्यांचे ध्वनी असल्याने तो शासकीय पाटीला शोभणारा वाटला नसावा.

ह्याच काळात ‘बधिर’ शब्दावर दुसरेही सावट पडले. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि अंगावरचा न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा हे रोगाचे लक्षण म्हणून गावोगाव सांगितले गेले. हे शिक्षण आवश्यकच होते. परंतु त्यामुळे खेड्यात बधिरता हे औषधाचे वरदान म्हणून नव्हे, तर कलंकित रोगाची खूण म्हणून ओळखली गेली. ‘तुमची जागा बधिर करतो’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरास आपण किती भीतिदायक वाक्य उच्चारीत आहोत ह्याची कल्पना असेलच असे नाही.

७

शब्दांचा हा घोळ केवळ कोशकारांच्या चिंतेचा विषय राहत नाही. अवयवापुरत्या बधिरतेत रोगी जागा असतो. त्याला ऐकू येते, तो बोलू शकतो, प्रश्न विचारू शकतो, थांबा म्हणू शकतो. म्हणून ह्या पद्धतीत औषधाइतकीच भाषेची गरज असते. पूर्ण भुलेत रोग्याशी जे काही बोलावयाचे ते आधी बोलून संपते. येथे बोलणे शस्त्रक्रियेबरोबर चालू राहते.

ह्या पद्धतीशी ग्रामीण पुरुषांचा सर्वांत मोठा सामूहिक परिचय झाला तो नसबंदीच्या शिबिरांत. ही शस्त्रक्रिया त्या जागेपुरते औषध टोचूनच करतात. म्हणूनच ती शाळेच्या खोलीत व तंबूतही करता आली. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत ह्या शिबिरांना सक्तीचे रूप आले. तीन अपत्यांनंतर नसबंदी अनिवार्य करणारे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. येथे एक विदारक विरोध दिसतो. जे तंत्र माणसाला जागे ठेवते, त्याचे बोलणे शाबूत ठेवते, तेच तंत्र त्याचे बोलणे ऐकावयाचे नाही असे ठरविलेल्या यंत्रणेच्या हाती सोयीचे साधन झाले. माणूस जागा होता. बधिर झाले होते ते समोरचे.

दुसरे उदाहरण पाठीतील सुईचे. प्रसूतीच्या शस्त्रक्रियेसाठी कमरेत सुई घेतलेल्या स्त्रिया पुढे वर्षानुवर्षे कंबर दुखली की त्या सुईला दोष देतात. अशी सुई घेतल्याने दीर्घकालीन कंबरदुखी जडते असे संशोधनात आढळलेले नाही. डोकेदुखीचा त्रास मात्र काही जणींना पहिल्या काही दिवसांत होऊ शकतो. तरीही ही समजूत केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारता येत नाही. ‘भूल’ ही उतरावयाची वस्तू आहे. ती पूर्ण उतरली नाही तर अंगात राहते, हे ह्या शब्दाच्या व्याकरणातूनच निघणारे अनुमान होय. सुई देणाऱ्याने दुसरा शब्द दिला नाही, म्हणून रोगिणीने असलेल्या शब्दाने विचार केला.

तिसरा प्रसंग औसा तालुक्याच्या स्मृतीत खोल रुतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जखमींची संख्या त्याहून मोठी होती. मदतीला देशाच्या अनेक प्रांतांतून आणि परदेशांतूनही पथके आली. अशा आपत्तीत, जेथे प्राणवायू, यंत्रे व देखरेख करणारी माणसे ह्यांची वाण असते, तेथे चिरडलेल्या हातापायाचा तेवढाच भाग बधिर करण्याची रीत प्राण वाचविणारी ठरते, हे आपत्कालीन वैद्यकाचे मान्य तत्त्व आहे. परंतु ज्याचे घरदार नुकतेच ढिगाऱ्याखाली गेले आहे त्याला, तुझी शुद्ध जाणार नाही, फक्त पाय जाणवणार नाही, हे त्याच्या भाषेत एका वाक्यात सांगता यावे लागते. त्या वाक्यासाठी शब्द आधीपासून तयार असावे लागतात. ते ढिगाऱ्यापाशी घडविता येत नाहीत.

८

हा घोळ सोडविण्याचा प्रयत्न विद्वानांच्या आधी लोकांनीच केला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. बोलीत आज ‘पूर्ण भूल’, ‘अर्धी भूल’, ‘कमरेखालची भूल’, ‘जागेवरची भूल’ असे प्रयोग रूढ आहेत. दाढ आणि डोळा ह्यांच्या बाबतीत तर लोकांनी ‘बधिर करणे’ हा जुना, नेमका प्रयोग कधी सोडलाच नाही. म्हणजे शासकीय परिभाषेने जो भेद गमावला तो बोलीने विशेषणांच्या आधाराने पुन्हा उभा केला. ‘अर्धी भूल’ हा प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे, कारण कमरेखालच्या बधिरतेत भूल अर्धीही नसते; पण रोग्याला जे जाणून घ्यावयाचे असते, म्हणजे आपण जागे राहणार की नाही, ते त्यात बरेचसे येते.

परिभाषा घडविणाऱ्यांनी ह्यापासून घ्यावयाचा धडा साधा आहे. शुद्ध हरपते तेथे ‘भूल’ आणि अवयव न जाणवतो तेथे ‘बधिर करणे’, ही मराठीच्या व्याकरणात पूर्वीच असलेली वाटणी मान्य केली तर नवा शब्द घडविण्याची गरज उरत नाही. यूनानी हकीमांनी तीन शब्द वेगळे ठेवले होते आणि ते रोग्यापर्यंत पोहोचू दिले नाहीत. आधुनिक शासनाने रोग्यापर्यंत एकच शब्द पोहोचविला आणि त्यात दोन अर्थ कोंबले. औशाच्या दवाखान्यात खाटेवर बसलेला माणूस सुई पाहून जेव्हा ‘मला भूल देणार का?’ असे विचारतो, तेव्हा त्याला आपण जागे राहू की नाही, आणि आपले म्हणणे कोणी ऐकणार आहे की नाही, हे विचारावयाचे असते. ह्या प्रश्नाला नेमके उत्तर देता येणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहे, आणि ते उत्तर देण्यासाठी नेमके शब्द उपलब्ध करून देणे हे भाषाशास्त्राचे.